अमेरिकेचे दार उघडले कोणी?

महाराष्ट्रातील अनेक मध्यमवर्गीय घरांतील मुलगा, पुतणी वा भाचा आज अमेरिकेत आहे. त्यांच्या यशाचे श्रेय बुद्धिमत्तेला, परिश्रमाला आणि घरच्या संस्कारांना दिले जाते. ते योग्यच आहे. परंतु हे गुण शंभर वर्षांपूर्वीच्या भारतीयांतही होते. तेव्हा दार मात्र बंद होते.

१९१७ च्या कायद्याने अमेरिकेने भारतासह आशियाच्या फार मोठ्या भागातून येणाऱ्यांना प्रवेशबंदी केली. भगतसिंग थिंड यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचा गणवेश चढवला होता. नागरिकत्वासाठी त्यांच्या बाजूने युक्तिवाद झाला, तो ते उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोऱ्यांतच मोडतात, असा. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. वंशाच्या शिडीवर वरची पायरी मागणाऱ्याला त्या शिडीने अखेर खालीच ठेवले.

त्याच वर्षी न्यूयॉर्कचे इमॅन्युएल सेलर अमेरिकी प्रतिनिधिगृहात दाखल झाले. १९२४ च्या देशनिहाय कोट्याच्या कायद्याला त्यांनी कडाडून विरोध केला. तो व्यर्थ गेला. पुढे सरदार जे. जे. सिंग यांच्या इंडिया लीग ऑफ अमेरिका या संस्थेने चिकाटीने प्रयत्न केले आणि २ जुलै १९४६ रोजी भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. या कायद्याच्या दोन प्रवर्तकांपैकी एक सेलरच होते. प्रवेशाची मर्यादा मात्र वर्षाला अवघी १०० माणसे!

शिडीच अन्याय्य आहे, हे सांगण्याचे धैर्य दाखवले ते कृष्णवर्णीय समाजाने. १ डिसेंबर १९५५ रोजी मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधील आसन सोडण्यास नकार दिला. तेथील समाजाने ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. मोलकरणी, मजूर, वृद्ध मैलोन्मैल पायी चालले. चर्चमधून वर्गणी जमली, खासगी मोटारींची व्यवस्था उभी राहिली. त्यांचे तरुण नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी सत्याग्रहाची प्रेरणा गांधीजींकडून घेतली होती. १९५९ मध्ये ते भारतात येऊनही गेले. ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख लोक एकत्र आले.

समाजमन हलले, तेव्हा राजसत्तेलाही हलावे लागले. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा झाला. वंशावरून आपल्या नागरिकांत भेद न करणारा देश वंश पाहून पाहुणा कसा निवडणार? ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर स्वाक्षरी केली. जुना कोटा रद्द झाला, कौशल्याला व कौटुंबिक नात्याला प्राधान्य मिळाले आणि एका देशासाठीची वार्षिक कमाल मर्यादा २०,००० झाली. या कायद्याचे एक प्रवर्तक पुन्हा सेलरच! एकेचाळीस वर्षांपूर्वी एकाकी पडलेल्या आवाजामागे आता जागृत समाज उभा होता.

याच दारातून पुढे भारतीय डॉक्टर, अभियंते अमेरिकेत गेले. गावोगावी महाराष्ट्र मंडळे उभी राहिली, गणेशोत्सव सुरू झाले. दार ठोठावणारे हात मात्र दुसऱ्यांचे होते. त्यांतील कित्येकांनी तुरुंगवास भोगला, काहींनी प्राण दिले.

आपल्या परंपरेत ऋण मान्य करणे हा धर्म मानला आहे. तेथील कृष्णवर्णीय शेजाऱ्याकडे संशयाने वा तुच्छतेने पाहण्याचा मोह एखाद्या भारतीय घराला झाला, तर त्या घराने मॉन्टगोमेरीच्या रस्त्यावरून वर्षभर पायी चाललेल्या त्या मोलकरणींचे स्मरण करावे. ऋणाची परतफेड तेथूनच सुरू होते.