गज, खंदक आणि पेंग्विनाचे पाय

प्राणिसंग्रहालयांतील लोखंडी गज मोठ्या प्रमाणावर दूर सारण्याचें श्रेय हँबुर्गच्या कार्ल हागेनबेक याला द्यावें लागतें. हा गृहस्थ जनावरांचा व्यापारी, पंडित नव्हे. कोणतें श्वापद किती लांब उडी घेतें, याचें माप त्यानें आधीं प्रयोगानें घेतलें. आणि १९०७ सालीं स्टेलिंगेन येथें उघडलेल्या बागेंत सिंह व प्रेक्षक यांच्यामध्यें केवळ खंदक ठेवला. दुरून तो खंदक दिसत नसे. सिंह मोकळाच भासे. परंतु ही सुधारणा सिंहासाठीं, कीं पाहणाराच्या डोळ्यांसाठीं?

लंडनमध्यें या प्रश्नाचा कस लागला. तेथें १९३४ सालीं ल्युबेत्किन या वास्तुशिल्पज्ञानें पेंग्विनांकरितां लंबवर्तुळाकृति तलाव बांधला. एकमेकींभोंवतीं वळत जाणाऱ्या, अधांतरीं भासणाऱ्या काँक्रीटच्या दोन उतरणी! शिल्प म्हणून ती कृति अप्रतिम, याबद्दल वाद नाहीं. पण घरट्यासाठीं बीळ उकरणाऱ्या पक्ष्यांना तेथें माती कोठली? काँक्रीटनें तळवे खरचटत व त्यांत जंतूंचा शिरकाव होई. अखेर २००४ सालीं पक्षी हलविण्यांत आले. २०११ सालीं त्याच संग्रहालयांत हंबोल्ट जातीच्या पेंग्विनांसाठीं वाळू, गोटे व विस्तीर्ण पाणी असलेला किनारा तयार झाला. (मुंबईच्या राणीच्या बागेंत २०१६ सालीं आले ते याच जातीचे.) जुना तलाव पाडतां येत नाहीं, ऐतिहासिक वास्तु म्हणून त्याला कायद्याचें संरक्षण आहे. पक्ष्यांवांचून तो तसाच उभा आहे.