सहा नंबरची स्क्वॉड्रन : समुद्राची जागल

ढाणकीतून बोलतोय, आणि आजचा विषय आहे समुद्र. हसू नका! इथून समुद्र पाचशेक किलोमीटर लांब, हे मलाही माहीत आहे. पैनगंगेला पूर आला की तोच आपला समुद्र. पण आज ज्या कामाबद्दल बोलायचंय, ते काम आपल्याकडं घरोघरी ठाऊक आहे. जागल.

पीक हाताशी आलं की रात्री मचाणावर बसायचं, रानडुकरं आणि रोही कुठून शिरतायत ते बघायचं. आता या कामाचे दोन भाग आहेत. एक, वेळेवर दिसणं. दुसरा, दिसल्यावर हाक योग्य माणसापर्यंत पोचणं. दुसरा भाग जमला नाही तर पहिल्याचा काही उपयोग नाही. रात्रभर डोळे ताणून बसा, सकाळी वावर साफ झालेलं असतं.

भारतीय हवाई दलाच्या सहा नंबरच्या स्क्वॉड्रनची गोष्ट हीच आहे. ही तुकडी अनेक वर्षं पुण्यात, लोहगावला होती. लढाऊ विमानांवर सिनेमे निघतात. टेहळणी करणाऱ्यांवर कुणी काढत नाही, कारण त्यांचं काम बघायचं, नोंद करायची आणि परत यायचं. म्हणून म्हटलं, आजचा भाग त्यांच्यासाठी.

सुरुवात 1 डिसेंबर 1942, त्रिचनापल्ली, म्हणजे आजचं तिरुचिरापल्ली. दुसरं महायुद्ध चालू होतं, जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आलेलं. स्क्वॉड्रनचे प्रमुख होते मेहरसिंग. पुढे 1948 मध्ये लेहला पहिलं विमान उतरवणारे ते हेच. त्यांच्याकडं हरिकेन विमानं होती, आणि काम होतं आराकानच्या जंगलावर खालून उडत शत्रूची हालचाल टिपायचं.

हे काम जोडीनं चालायचं. एक वैमानिक खाली बघणार : वाट, पूल, होड्या, धूर. दुसरा त्याच्या मागं राहून आकाशावर नजर ठेवणार, कारण खाली बघणाऱ्याला वरून येणारा दिसत नाही. आणि आता महत्त्वाची गोष्ट ऐका. अशा तुकड्यांबरोबर लष्कराचा एक अधिकारी तळावरच राहायचा. वैमानिक उतरला की त्याच्यासमोर बसून सांगायचा, काय दिसलं, कुठं दिसलं, किती वाजता. तिथून ते थेट लढणाऱ्या सैन्याकडं. बघणारा आणि वापरणारा यांच्यात एका टेबलाचं अंतर. आराकानमधल्या या कामामुळं स्क्वॉड्रनला 'चौदाव्या सैन्याचे डोळे' असं नाव पडलं, आणि मेहरसिंगांना डीएसओ मिळालं. त्या युद्धात हा सन्मान मिळालेले भारतीय हवाई दलाचे ते एकमेव अधिकारी.

मग फाळणी झाली. वाटणीत या स्क्वॉड्रनची विमानं पाकिस्तानकडं गेली. आपल्याकडं उरला तो नुसता नंबर.

त्या नंबरात 1951 मध्ये पुन्हा जीव आला, आणि तो पुण्यात. यावेळी काम वेगळं : समुद्रावरची टेहळणी. विमान होतं चार इंजिनांचं अमेरिकन लिबरेटर. ही विमानं आली कुठून, तर भंगारातून. अगदी शब्दशः. महायुद्ध संपल्यावर कानपूरला लिबरेटर उभी होती. ती अमेरिकेकडून युद्धापुरती मिळालेली, म्हणून जाताना ती मोडून ठेवली गेली, पुन्हा कुणाला वापरता येऊ नयेत अशी. आपल्या लोकांनी त्यांतली त्यातल्या त्यात बरी निवडली, याचा भाग त्याला लावला, आणि हिंदुस्तान एअरक्राफ्टचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकामागून एक बंगळुरूला उडवत नेली. तिथं पूर्ण दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली. लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आज जे लिबरेटर ठेवलंय ना, ते आपल्या याच सहा नंबर स्क्वॉड्रनचं. 1974 मध्ये भारतानं ते भेट दिलं.

आता कुणी विचारेल, समुद्र बघायला जहाज आहे की, विमान कशाला? तर थोडा हिशेब करू. पृथ्वी गोल आहे. जहाजावर पाण्यापासून 15 मीटर उंच उभं राहिलात, तर क्षितिज साधारण 14 किलोमीटरवर. विमान 300 मीटर वर गेलं की तेच 62 किलोमीटर. 3000 मीटरवर गेलं की 195 किलोमीटर. मचाण जितकं उंच तितकं वावर जास्त दिसतं, दुसरं काय. विमानानं समुद्र तपासायची रीतही नांगरटीसारखी : एक सरळ तास घ्यायचं, वळायचं, थोडं अंतर सोडून शेजारचं तास घ्यायचं. असं आठ-दहा तास. बहुतेक वेळा खाली नुसतं पाणी. आणि 'काहीच नाही' ही नोंदसुद्धा तितकीच मोलाची, कारण तेवढा भाग मोकळा आहे हे कळतं.

1960 च्या दशकात लिबरेटर म्हातारी झाली. मग आली सुपर कॉन्स्टेलेशन. ही मूळची एअर इंडियाची प्रवासी विमानं, तीन शेपट्यांची, फार देखणी. मुंबईहून परदेशी जायची, एअर इंडियानं त्यांना राण्यांची नावं दिली होती. जेट विमानं आल्यावर यांची गरज संपली, आणि त्यांतली काही हवाई दलाकडं आली. ज्या खिडकीतून प्रवासी ढग बघायचा, तिथं आता जहाजं शोधणारा माणूस बसला. शेवटचं लिबरेटर 1968 च्या अखेरीस निवृत्त झालं.

इथून खरी अडचण सुरू होते. आराकानमध्ये एका टेबलाचं अंतर होतं असं म्हटलं ना? इथं विमान हवाई दलाचं, वैमानिक हवाई दलाचा, आणि बातमी हवी नौदलाला. नौदलाला एखादा पट्टा तपासून हवा असेल तर मागणी करायची, ती दुसऱ्या दलाच्या साखळीतून जायची, मग विमान उडायचं. शेत एकाचं, जागल्या दुसऱ्याच्या पगारावर.

7 आणि 8 सप्टेंबर 1965 च्या मधल्या रात्री पाकिस्तानी नौदलाची सात जहाजं आली, द्वारकेवर तोफा डागून गेली. नुकसान थोडं झालं, पण ते नौदलाच्या मनाला फार लागलं. त्याला कारणं बरीच होती. विक्रांत तेव्हा दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत होती. एका विमानाच्या किंवा एका स्क्वॉड्रनच्या माथी हा दोष मारणं अन्याय होईल. पण प्रश्न उरलाच : समुद्रावर लढायचं ज्याला, समुद्रावरची नजर त्याच्या हातात का नको?

1971 मध्ये चित्र बदललं. 4 डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. त्या युद्धात सुपर कॉन्स्टेलेशननी समुद्रावर लांबलांबच्या फेऱ्या केल्या. पण 9 डिसेंबरला हँगोर या पाकिस्तानी पाणबुडीनं आपली आयएनएस खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. पाण्याखालचा शत्रू खिडकीतून दिसत नसतो. त्याला वेगळी यंत्रं लागतात, आणि ती यंत्रं वापरणारा माणूस जहाजांबरोबर रोज सराव करणारा लागतो. प्रवासी विमान रंगवून ते काम होत नाही.

आता हवाई दलाची बाजूही ऐकू. गरीब देश, मोजकी विमानं, मोजके तंत्रज्ञ. सगळं उडणारं एका छताखाली असलं तर सुटे भाग, दुरुस्ती, प्रशिक्षण स्वस्त पडतं. हे म्हणणं पोकळ नाही. ब्रिटनमध्ये आजही समुद्री टेहळणी हवाई दलच करतं. अमेरिकेत ती नौदलाकडं आहे. दोन्ही पद्धती चालतात, पण बघणारा आणि लढणारा यांच्यातलं ते टेबल कुणीतरी जाणूनबुजून मांडावं लागतं.

भारतानं शेवटी नौदलाचा मार्ग धरला. 18 नोव्हेंबर 1976 ला गोव्यात दाबोळीला नौदलाची 312 नंबरची हवाई स्क्वॉड्रन उभी राहिली, हवाई दलाकडून आलेल्या पाच सुपर कॉन्स्टेलेशनवर. 1951 ते 1976. पंचवीस वर्षं लागली हा निर्णय व्हायला. पुढच्याच वर्षी रशियन आयएल-38 आली, खास पाणबुड्या शोधणारी. 1988 मध्ये त्याच 312 कडं टीयू-142 आली, ती 2017 पर्यंत उडाली. 2013 पासून पी-8आय. आणि सहा नंबर? त्यांना 1980 च्या दशकात पुण्यातच जॅग्वार मिळाली, जहाजांवर हल्ला करणारी. म्हणजे समुद्र काही त्यांनी सोडला नाही.

मग सगळं ठीक झालं का? 2008 चा नोव्हेंबर आठवा. कुबेर नावाची मासेमारी बोट आपल्या समुद्रातून मुंबईजवळ आली, हजारो बोटींमधली एक. विमानं होती, रडार होते, तटरक्षक दल होतं, पोलीस होते. प्रत्येकाचं मचाण वेगळं होतं, आणि एकाची हाक दुसऱ्याला ऐकू जाईल अशी सोय नव्हती. त्यानंतर 2009 मध्ये किनाऱ्याच्या एकूण सुरक्षेची जबाबदारी नौदलावर आली, आणि सगळ्यांची माहिती एकत्र बघणारी केंद्रं उभी राहिली. म्हणजे परत तेच, टेबल मांडावं लागलं.

मला या गोष्टीतून एवढंच दिसतं. नवी दुर्बीण, नवं विमान, नवा ड्रोन आला की आपण खूश होतो. ते घ्यावंच. पण घेताना एक प्रश्न विचारावा : याला जे दिसेल ते कुणाला सांगितलं जाणार, आणि किती वेळात? आराकानमध्ये जुनाट हरिकेन होती, पण उत्तर तयार होतं. म्हणून ती 'डोळे' ठरली.

या स्क्वॉड्रनमध्ये काम केलेलं कुणी तुमच्या घरात, नात्यात असेल, तर त्यांना बोलतं करा. तासन्‌तास पाणी बघून 'काहीच नाही' लिहिणाऱ्यांकडं सांगण्यासारखं बरंच असतं, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

येतो मंडळी. भेटू पुढच्या भागात.