संग्रहालयातील प्रदर्शने आणि आपण
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि अल्पोपाहार यांच्या मधल्या अवधीत मुंबईतील संग्रहालये व तेथे भरणारी कलाप्रदर्शने यांविषयी काही बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. बटाटेवड्यांचा वास येऊ लागला आहे, तेव्हा पाल्हाळ लावणे धोक्याचे, हे आम्ही जाणून आहोत.

आपल्या कुटुंबांत संग्रहालय हा एकदाच उरकावयाचा संस्कार समजला जातो. मुलांना राणीच्या बागेत न्यावे, प्राणी दाखवावेत, ऊन चढले म्हणजे शेजारच्या इमारतीत घटकाभर सावलीस शिरावे, की झाले. पुन्हा पाय वळतात ते गावाकडील पाहुणे आले तर. संग्रहालयातील वस्तू कोठे पळून जात नाहीत, मग पुनःपुन्हा काय पाहावयाचे, असा यामागे हिशेब असतो. तो बरोबर नाही. वस्तू त्याच राहिल्या तरी त्यांचे शेजार बदलतात, आणि शेजार बदलला की वस्तू वेगळे बोलू लागते. प्रदर्शन म्हणजे असा शेजार जुळवून आणण्याची कला होय.

राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जन्मच मुळी एका प्रदर्शनातून झाला. १८५५ साली पॅरिसला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनासाठी या इलाख्यातून वस्तू जमविण्यात आल्या, आणि तशाच वस्तूंचा एक संग्रह येथेही ठेवावा असे ठरले. १८५७ च्या धामधुमीत त्या जागेची लष्कराला गरज पडली. संग्रह घाईघाईने बाहेर काढला गेला आणि त्याची पुष्कळ नासधूस झाली. पुढे १८६२ साली नव्या इमारतीचा पाया घातला गेला व १८७२ च्या मे महिन्यात ती लोकांस खुली झाली. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांच्यासारखी माणसे या खटपटीत होती, आणि शहरातील नागरिकांनी वर्गण्या दिल्या होत्या. भाऊंचे नाव मात्र संग्रहालयाला १९७५ साली मिळाले. २००३ पासून जीर्णोद्धार होऊन २००८ साली ते नव्या तेजाने उघडले.

तेथे मुंबईतील नाना जातींच्या व धंद्यांच्या लोकांच्या मातीच्या लहान मूर्ती आहेत. पागोट्याची ठेवण, धोतराचा काचा, हातातील अवजार, सारे हुबेहूब. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या सभासदांनी तर त्या अवश्य पाहाव्यात. पाहताना अभिमान वाटतो, आणि जरा वेळाने मन खट्टूही होते. कारण त्या कपाटांत जात आहे, धंदा आहे, पागोटे आहे. माणसाचे नाव मात्र नाही. राज्यकर्त्यांना प्रजेची जी वर्गवारी हवी होती तिला नावाची जरुरी नव्हती. आमच्या मते या मूर्तींपुढे उभे राहून ‘आपले लोक कोणते?’ एवढेच शोधून परतणारा प्रेक्षक अर्धेच पाहतो. कपाट कोणी मांडले आणि कोणासाठी, हेही विचारले पाहिजे.

हा प्रश्न आजचे चित्रकार विचारतात, म्हणून त्यांची प्रदर्शने पाहावयाची. या संग्रहालयाने सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल दोडिया अशा मुंबईच्याच कलावंतांस जुन्या संग्रहाच्या सान्निध्यात आपली कामे मांडण्यास बोलाविले. दोडियांच्या प्रदर्शनाचे नावच मुळी ‘सात हजार संग्रहालये’ असे होते! त्यातील सर्वच आम्हाला उमगले असे नाही. पण न उमगलेले चित्र दोन मिनिटे अधिक पाहिल्याने कोणाचे नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही.

आता शेजाराचा उत्तम दाखला सांगतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजूनही असलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, २०१७ च्या नोव्हेंबरात ‘भारत आणि जग’ हे प्रदर्शन भरले. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय आणि लंडनचे ब्रिटिश म्युझियम त्यात सहभागी होते. दोनशेंहून अधिक वस्तू नऊ प्रकरणांत मांडल्या होत्या. त्यांत रेम्ब्राँ या डच चित्रकाराने काढलेले बादशहा जहांगिराचे रेखाचित्र होते. रेम्ब्राँ हिंदुस्थानात कधी आला नाही. सतराव्या शतकात आपली मोगल चित्रे जहाजांतून हॉलंडला पोहोचली, आणि त्या थोर चित्रकाराने ती समोर ठेवून शिष्यासारखी गिरविली! युरोपने शिकवावे व आपण शिकावे, ही आपल्या शाळांतून रुजलेली समजूत त्या कागदापुढे गळून पडते. २०२३ च्या डिसेंबरात तेथेच भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस व रोम येथील प्राचीन शिल्पे एकत्र मांडली गेली, तीही याच विचाराने.

तेथून रस्ता ओलांडला की १९११ साली बांधलेला कावसजी जहांगीर हॉल लागतो. १९९६ पासून तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. जहांगीर कलादालन १९५२ चे. ते संग्रहालय नव्हे, पण आत जाण्यास पैसे पडत नाहीत, आणि चित्रकार बहुधा जवळच बसलेला असतो. त्याला प्रश्न विचारावा. किंमतच विचारली पाहिजे असे नाही.

एक सूचना मातांना आहे. मुलांना एका खेपेस सगळे दाखवू नये. एकच दालन, पाच वस्तू, आणि त्यांतील एक घरी येऊन आठवणीने काढावयास सांगावी. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते, हे ध्यानात ठेवावे. नाही तर पुन्हा माकडेच.

शेवटी आपल्या घरच्या गोष्टीकडे वळतो. पुढील संमेलनात सभासदांच्या घरांतील जुन्या वस्तूंचे छोटे प्रदर्शन मांडावे, असे मंडळाने ठरविले आहे. सदनिकेत जागा नाही म्हणून तांब्याचे घंगाळ मोडीत निघते, आजीचे लुगडे बोहारणीकडे जाते, रोजकीर्दीच्या वह्या रद्दीवाला तोलून नेतो. ती तूर्त थांबवावीत. वस्तूबरोबर एक चिठ्ठी द्यावी. तीत ज्ञातीचे नाव घालण्याची जरुरी नाही, ते दारावर लिहिलेलेच असेल. ती कोणी वापरली त्या व्यक्तीचे संपूर्ण नाव, स्त्री असल्यास माहेरचेही, गाव, आणि ती घरात कशी आली, एवढे सुवाच्य अक्षरांत लिहून चिटणिसांकडे पोहोचते करावे.