तेरची तरंगणारी वीट

आपल्या धाराशिवहून साधारण वीस किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. आपल्यापैकी बरेच जण तिथं गेले असतील, ते संत गोरोबाकाकांच्या समाधीच्या दर्शनाला. या गावाचं प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून तगराचा उल्लेख येतो. इथला माल गाड्यांवर लादून थेट भडोचच्या बंदरापर्यंत जात असे.

याच तेरच्या जुन्या बांधकामांतून मिळालेल्या काही विटांची ख्याती अशी, की त्या पाण्यात टाकल्या तर बुडत नाहीत, तरंगतात. वीट आणि तरंगते? ऐकणाऱ्याला हा चमत्कारच वाटतो. पण चमत्कार म्हणून आपण हात जोडले आणि पुढं निघालो, तर ती वीट घडवणाऱ्या कारागिरावर अन्याय होईल. त्याच्या हातात जे ज्ञान होतं, ते आज आपण समजून घेऊ.

आधी आपल्या रोजच्या विटेकडं पाहू. भट्टीवरून येणारी साधी वीट सुमारे २३ सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि साडेसात सेंटिमीटर जाड असते. वजन साधारण तीन किलो. ही वीट हौदात सोडली, की ती आपल्या आकाराइतकं पाणी बाजूला सारते. ते पाणी किती? लांबी, रुंदी, जाडी यांचा गुणाकार केला, तर सुमारे १,७२५ घनसेंटिमीटर, म्हणजे वजनानं पावणेदोन किलोच्या जरा आत.

आता असा विचार करा, की वीट हौदात येण्यापूर्वी त्या जागी काय होतं? पाणीच होतं. तेवढं पावणेदोन किलो पाणी तिथं स्थिर होतं, खाली कोसळत नव्हतं. कारण आजूबाजूच्या पाण्यानं, विशेषतः खालच्या पाण्यानं, ते उचलून धरलं होतं. जितकं खोल जावं तितका पाण्याचा दाब वाढतो, म्हणून वरून खाली येणाऱ्या रेट्यापेक्षा खालून वर येणारा रेटा नेहमी जास्त असतो. त्याच जागी आता वीट आली. शेजारच्या पाण्याला त्याचं काय? ते पूर्वीसारखंच पावणेदोन किलोचा आधार देत राहतं. वीट मात्र तीन किलोची. आधार कमी, भार जास्त, म्हणून वीट तळाला जाते. तरीसुद्धा पाण्यातली वीट हातानं उचलून पाहा, ती सव्वा किलोच्या आसपासच भरल्यासारखी वाटेल. विहिरीतून पाणी शेंदणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. भरलेली बादली पाण्यात आहे तोवर दोर हलका वाटतो, आणि ती पाण्याबाहेर आली की एकदम खांद्याला ओढ बसते.

बुडालेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला मिळतो, हा नियम आर्किमिडीज या ग्रीक गणितज्ञानं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मांडला. म्हणजे वस्तू जड आहे की हलकी, एवढ्यावर तरणं-बुडणं ठरत नाही. ती किती जागा अडवते आणि त्या जागेच्या मानानं किती जड आहे, यावर ते ठरतं.

आता तेरच्या विटेकडं येऊ. आपल्या नेहमीच्या आकाराची वीट तरंगवायची, तर तिचं वजन पावणेदोन किलोच्या खाली आणायला हवं. समजा ते दीड किलो केलं, तर ती वीट तरंगेल. तिचा आठवा हिस्सा पाण्यावर दिसेल, बाकी सात हिस्से पाण्याखाली राहतील. पण वजन कमी करायचं कसं? भाजलेल्या मातीचा कण पाण्याच्या सुमारे अडीचपट जड असतो. त्यामुळं वीट तरंगायची असेल, तर तिच्या शंभर भागांत साठाहून अधिक भाग पोकळी पाहिजे आणि चाळिसाहूनही कमी माती. तरीही तिचा आकार टिकला पाहिजे.

हे त्या काळच्या कारागिरांनी साधलं ते मातीत भाताचं तूस कालवून. कच्च्या विटेत तूस आपली जागा धरून बसतं. वीट भाजली, की तूस जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या उरतात. त्या पोकळ्यांत हवा असते आणि हवेला वजन जवळजवळ नाहीच. जोवर ही हवा आत आहे, तोवर वीट पाण्यावर राहते. पाणी त्या छिद्रांत शिरत गेलं, की तीच वीट हळूहळू जड होऊन खाली बसू लागते.

ही कला एकट्या तेरची नव्हे. तेलंगणातलं रामप्पा मंदिर १२१३ सालचं. त्याच्या शिखरासाठीही अशाच तरंगणाऱ्या विटा वापरल्या आहेत. त्या मंदिराला २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. शिखर उंच हवं आणि त्याचा भार खालच्या भिंतींवर कमी पडावा, म्हणून विटा हलक्या केल्या. पाण्यावर तरंगणं हा त्या हलकेपणाचा पुरावा आहे.

कुंभाराला ही आतली पोकळी नेहमीच कळत आली आहे. गोरोबाकाका थापटणं घेऊन संतांच्या डोक्यांवर थापटत गेले आणि कोण पक्कं, कोण कच्चं हे त्यांनी सांगितलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मडकं बाहेरून कितीही चांगलं दिसलं, तरी आत काय आहे हे वाजवून पाहावं लागतं. पाणीही वस्तूची अशीच परीक्षा घेतं.

ही परीक्षा आपल्या घरात आणि शेतात रोज चालते. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधतात. भोपळ्याचं वजन थोडं आणि जागा मोठी, म्हणून तो मुलाचा भार पेलतो. संत्रं पाण्यात टाका, तरंगतं. साल काढून टाका, बुडतं. कारण सालीतल्या हवेनं त्याला वर धरलेलं असतं. लोखंडाचंही तसंच. एक किलो लोखंडाचा गोळा फक्त सव्वाशे ग्रॅम पाणी बाजूला सारतो, म्हणून तो बुडतो. तेच लोखंड ठोकून पसरट कढई केली, की ती तरंगते. मराठवाड्यात पुराच्या वेळी गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून माणसं पैलतीरी नेली गेली आहेत, ती याच नियमाच्या भरवशावर.

बाजरी पेरणाऱ्या शेतकऱ्यांना कृषी विभाग सांगतो, दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवा आणि त्यात बियाणं टाका. अरगट रोगाच्या बुरशीच्या गाठी आणि पोचट दाणे वर येतात, निरोगी दाणा तळाला बसतो. वर आलेलं काढून टाकायचं, तळाचं बियाणं स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. मीठ कशासाठी? मिठानं पाणी जड होतं आणि जड पाण्याचा आधारही जास्त. साध्या पाण्यात जी गाठ बुडाली असती, ती इथं वर येते आणि आपल्याला वेचता येते.

आता शेवटचा मुद्दा. तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपला जिल्हा दुष्काळाचा म्हणून ओळखला जातो. पाण्याची वाट पाहण्यात आपल्या पिढ्या गेल्या. त्यामुळं वाहतं पाणी किती बळाचं असतं, याचा अंदाज आपल्याला चटकन येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा आणि भूम भागात जो पूर आला, तो आपण विसरलेलो नाही. पुलावरून पाणी वाहत असतं आणि गाडीतला माणूस म्हणतो, ‘गाडी जड आहे, जाईल निघून.’ तीच चूक! गाडी जड आहे, पण ती जागाही मोठी अडवते.

एखादी मोटार बाराशे किलोची धरा. तिच्या बुडाचा पसारा सुमारे सहा चौरस मीटर. पाणी बुडाला लागलं आणि तिथून दहा सेंटिमीटर चढलं, की गाडी सहाशे लिटर पाणी बाजूला सारते. म्हणजे सहाशे किलोचा भार पाण्यानंच उचलला. चाकांची रस्त्यावरची पकड तेव्हाच निम्मी होते. पाणी बुडापासून वीतभर वर आलं, की आधार बाराशे किलोच्या पुढं जातो आणि गाडी रस्ता सोडते. तिच्या आत पाणी भरायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात प्रवाह तिला कडेला लोटून देतो. विटेला वर आणणारा नियम तो हाच. त्या क्षणी ब्रेक उपयोगी पडत नाही, स्टिअरिंगही नाही.

म्हणून माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे. मुलांना तेरला घेऊन जा. गोरोबाकाकांचं दर्शन घ्या, लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहा आणि वीट पाण्यावर का तरंगते, हे मुलांना विचारा. उत्तर लगेच देऊ नका. घरी बादली भरून द्या आणि संत्रं, कढई, खडा, खराटा, जे हाती लागेल ते त्यांनाच टाकून पाहू द्या. आणि पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असेल, तर गाडी अलीकडंच थांबवा. पाणी ओसरेपर्यंत वाट पाहा. घरी पोहोचायला उशीर झाला, तरी चालेल.