श्रद्धा कोणाची?

(झिंडेलफिंगेन येथील मराठी मंडळींच्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, अर्जुनाचा विषाद, वारी, नामस्मरण, आगरकरांपासूनचा श्रद्धा-अंधश्रद्धेचा वाद हे सगळं तुम्ही जाणताच, त्यात वेळ घालवत नाही. माझं म्हणणं एवढंच: मानसोपचारात श्रद्धेला जागा हवी, पण समोर बसलेल्या माणसाच्या श्रद्धेला, उपचार करणाऱ्याच्या नव्हे.

इथे निम्मं सभागृह मर्सिडीजमधलं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला म्हणजे गाडी मुक्कामी पोचली, असं तुम्ही म्हणाल का? (हशा) मानसोपचारातही तसंच: झोप लागली, धडधड थांबली, म्हणजे फक्त दिवा विझला. पुढे जायचंय कुठे? ठाण्याच्या आय.पी.एच. या मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. आनंद नाडकर्णी विवेकनिष्ठ मानसोपचाराला वेदान्ताची, संतविचाराची जोड देतात ती याच प्रश्नापायी. आणि या विवेकनिष्ठ पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस पक्के निरीश्वरवादी!

मागून कोणीतरी 'बुवाबाजी' म्हणालं. ऐकू आलं हं! अहो, २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा मीही पाठीराखा आहे. दोन मिनिटांत एक गोष्ट सांगतो, मग ठरवा.

इथून काल्वच्या बाजूला म्योटलिंगेन नावाचं खेडं आहे. १८४२-४३ साली तिथल्या गॉटलीबिन डिटुस या तरुणीला झटके येत. गाव म्हणे भूतबाधा, पाद्री ब्लूमहार्टही तेच मानत. त्यांनी महिनोन्‌महिने प्रार्थना केली, ती बरी झाली. भूत होतं का, यात मला रस नाही. पुढे ती पाद्र्यांच्या कुटुंबातच राहिली, १८५२ साली त्यांच्यासोबत बाड बोलला, त्यांच्या नव्या उपचारगृहात गेली, तिथेच तिचा संसार झाला. मला रस आहे तो या 'पुढे'मध्ये. आणि लक्षात घ्या, प्रार्थना तिचीही होती.

आता दुसरा अंक. १८९२. तेच बाड बोल, आता ब्लूमहार्टांचा मुलगा कारभारी. मिशनरी आईबापांनी काल्वचा एक चौदा वर्षांचा मुलगा तिथे आणून ठेवला. सेमिनरीतून पळालेला. घर तेच, प्रार्थना त्याच, पण या वेळी मुलाच्या स्वतःच्या नव्हेत. मुलानं जीव द्यायचा प्रयत्न केला. रवानगी श्टेटेनच्या संस्थेत झाली. तो हेर्मान हेस्से, पुढे 'सिद्धार्थ' लिहिणारा! १९१६ साली मानसशास्त्रज्ञ युंगच्या शिष्याकडे, डॉ. लांगकडे, तो मनोविश्लेषणाला गेला. तिथे बोलणं झालं ते त्याच्या स्वतःच्या स्वप्नांवर...

हो, हो, सभागृहाचे रखवालदार किल्ल्या वाजवतायत. दोन मिनिटांची वीस झाली. (हशा) आटोपतो.

समुपदेशक पहिल्या भेटीत झोप-भूक विचारतो. तिथेच हेही विचारावं: अडचणीत कोणाला हाक मारता? विठ्ठलाला, येशूला, आईला, कोणालाच नाही. जे उत्तर येईल तिथून पुढे चालावं. आपलं उत्तर खिशात ठेवावं. घरी आपल्या मुलांनाही विचारून बघा. आरतीला उभी राहतात म्हणून उत्तर गृहीत धरू नका. चहा खाली आहे, उरलेलं भांडण तिथे करू.