मोबाईल, ॲप आणि आपले मंडळ
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मोबाईलवर बोलावयास चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा वाटले, की आम्हा बायकांना त्याच्यावर बोलावयाचे शिकवावे कशास लागते?

भारतातील पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीस सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी आलेल्या फोनलाही पैसे पडत. ते २००३ साली थांबले. पुढे २००८ साली ॲपल व गूगल यांनी ॲपची दुकाने उघडली, आणि बोलण्याचे यंत्र हरकामी झाले.

ॲप म्हणजे काय हे अंबरनाथकरांस सांगावयास 'एम-इंडिकेटर' पुरे. सचिन टेके यांच्या या ॲपमध्ये लोकलचे वेळापत्रक फोनातच साठविलेले असते. इंटरनेट नसले तरी पुढची गाडी कळते. फलाटावर ताटकळणाऱ्या माणसास काय हवे, हे त्यांनी आधी ओळखले.

मला त्याहूनही कौतुक आहे ते पवईच्या आय. आय. टी.त तयार झालेल्या 'स्वरचक्र' या कळफलकाचे. त्यात क, ख, ग, घ अंकलिपीप्रमाणे ओळीने येतात. 'क'वर बोट ठेवले, की भोवती का, कि, की, कु यांचे चक्र उमटते. हवे तिकडे बोट सरकवून उचलावे. माझी पहिली मराठी चिठी मी अशीच लिहिली, आणि मुलाला विचारावे लागले नाही!

आता घरचे सांगते. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे आमंत्रण आपण केवळ ग्रुपवर टाकले. ते लिहिले मीच. आमच्या आळीतील एक वडीलधाऱ्या बाई आल्या नाहीत. त्यांचा फोन बटणांचा. पुढे भाजीबाजारात भेटल्या, तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही बोलावलेत कुठे?" मला उत्तर सुचेना.

मंडळाचे ॲप करावे अशी सूचना आली आहे. माझा विरोध नाही. आपल्या मुली हे शिकत आहेत, त्यांनी अवश्य करावे. मात्र आधी प्रत्येक पडदा कागदावर काढून एखाद्या आजीबाईंपुढे ठेवावा. वर्गणीचे बटण त्यांना सापडले नाही, तर चूक आजीबाईंची नव्हे, कागद बदलावा. कागदाला खर्च तो किती! आणि ज्यांच्या फोनवर ॲप चालत नाही, त्यांची नावे त्यातच असावीत. आमंत्रण सुटले, की शेजारच्या सभासदेस ते नाव दिसावे, आणि तिने घरी जाऊन सांगावे.

ॲप होईल तेव्हा होईल. येत्या संक्रांतीस त्या बाईंकडे मी जाणार आहे. बाकीची नावे आज चहापूर्वी वाटून घेऊ.