हाताला पेलेल तीच करवत
(रात्रीच्या वाचनवर्गात केलेले भाषण)



दिवसभर रानात राबून तुम्ही वर्गाला आलात. दमला असाल. म्हणून आज फळ्यावरचा धडा नको. आज एका यंत्राविषयी चार कामाच्या गोष्टी बोलू.

आपल्या बांधावर झाडे असतात. जत-आटपाडीकडे बाभूळ असते. पाटण-जावळीकडे डोंगरउताराचे रान असते. कुणाचा कडुनिंब, कुणाची सुबाभूळ, कुणाची आंब्याची चार झाडे. या झाडांच्या फांद्या छाटाव्या लागतात. सावलीने पीक मरते. वाळकी फांदी जनावरावर पडते. शिवाय चुलीला सरपण हवेच. हे काम आपले वडील कुऱ्हाडीने आणि कोयत्याने करीत. आता गावोगावी चेनसॉ आला आहे. कोणी त्याला कटर म्हणतात, कोणी लाकडाचे मशीन म्हणतात. एका पट्टीभोवती दातांची साखळी फिरते आणि लाकूड कापते. एवढेच ते यंत्र.

यंत्र चांगले आहे. पण ते निवडायचे कसे? इथे आपण चुकतो. माझ्या घरची गोष्ट सांगतो.

दोन वर्षांमागे माझ्या पुतण्याने असे मशीन आणले. पट्टी होती २२ इंची. दुकानदार म्हणाला, "मोठंच न्या. सगळं कापतं. आणि स्वस्त पडतं." पुतण्याला ते पटले. मलाही पटले. आणि आमच्याकडे कापायचे काय होते? मनगटाएवढ्या, फार तर मांडीएवढ्या बाभळीच्या फांद्या!

पहिल्या दिवशी तासाभरात पोराचे खांदे भरून आले. दुसऱ्या दिवशी तो एक फांदी कापत होता. पट्टीचे लांब टोक मागच्या दुसऱ्या फांदीला लागले. ते त्याला दिसलेच नाही. मशीन एकदम उसळले आणि तोंडाकडे आले. दोन्ही हातांची पकड घट्ट होती, म्हणून चेहरा वाचला. खांद्याला मात्र लागले. अकरा टाके पडले.

दवाखान्यातून आल्यावर मी ते खोके उघडले. आत माहितीचे पुस्तक होते. त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. त्यात हाच धोका चित्र काढून दाखवला होता. पुतण्या बारावी झालेला. मी जन्मभर मुलांना 'वाचा, वाचा' म्हणत आलो. पण आम्ही दोघांनीही ते पुस्तक वाचले नाही. याची मला लाज वाटते. म्हणून ही गोष्ट तुमच्यापुढे सांगतो.

मशीन का उसळते, ते नीट समजून घ्या. साखळी फार वेगाने धावते. एका सेकंदात सुमारे २० मीटर! पट्टीच्या वरच्या बाजूला ती पुढे धावते आणि टोकावरून खाली वळते. टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की दात अडकतात. मग सगळा जोर उलटा फिरतो. पट्टी वर उडते आणि आपल्याकडे येते. पापणी लवायच्या आत हे घडते. फांद्यांच्या दाटीत पट्टी जितकी लांब, तितके टोक नजरेआड जाते.

आपल्या भागातली एक जुनी गोष्ट आठवते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला. औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली. तीच आजची किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव लोखंडी नांगर करीत. पण सुरुवातीला शेतकरी तो नांगर घेईनात. लोखंडाने जमीन बिघडेल, अशी त्यांना भीती वाटे. त्या वेळी लोक यंत्राला उगाच भ्याले. आज आपण उलटे करतो. यंत्र दिसले की विचार न करता घरी आणतो. दोन्ही खोटेच. यंत्र पारखून घ्यावे.

आता पारख कशी करायची?

पहिली गोष्ट, काम पाहा. फांद्या छाटायला आणि लहान लाकूड कापायला १० ते १४ इंची पट्टी पुष्कळ झाली. इंजिन ३० ते ३५ सीसीचे असले तरी चालते. मोठे बुंधे कापायचे काम वर्षातून एकदाच निघते. त्याला जाणता माणूस मजुरीने बोलवा.

दुसरी गोष्ट, वजन पाहा. कागदावर बहुधा नुसत्या इंजिनाचे वजन छापलेले असते. पट्टी, साखळी, पेट्रोल आणि तेल यांचे वजन वर पडते. सगळे धरून लहान मशीन पाच किलोंच्या आसपास भरते. मोठे मशीन सात किलोंच्या पुढे जाते. दोन किलोंचा फरक दुकानात कळत नाही. रानात दुपारी कळतो. म्हणून दुकानात पट्टी लावून मागा. मशीन बंद ठेवूनच दोन्ही हातांनी कमरेशी धरा. तसेच धरून शंभर आकडे मोजा. हात थरथरला तर ते मशीन तुमचे नव्हे. नाकापेक्षा मोती जड नसावा.

तिसरी गोष्ट, ते कशावर चालते ते पाहा. घरापासून लांब रानात काम असेल, तर पेट्रोलचे मशीन बरे. विजेच्या मशीनला वायर ओढत न्यावी लागते. ते अंगणापुरते ठीक, पण ओलीत वापरू नये. बॅटरीवरची लहान मशीनेही मिळतात. त्यांची पट्टी ४ ते ६ इंची असते. वजन एक-दोन किलो. तासगावची द्राक्षबाग किंवा आटपाडीचे डाळिंब असेल, तर वाळक्या आणि जाड काड्यांना ती पुरतात. धूर नाही, दोरी ओढायची नाही. आमच्या बायाबापड्यांनाही पेलतात. मात्र बॅटरी उतरली की काम थांबते. आणि लहान म्हणून तिला खेळणे समजू नका. बोट जायला तेवढेही पुरे.

चौथी गोष्ट, चेन ब्रेक आहे का ते पाहा. पुढच्या मुठीसमोर एक आडवे ढापण असते. मशीन उसळले की ते पुढे ढकलले जाते आणि साखळी जागीच थांबते. दुकानदाराकडून ते चालवून दाखवून घ्या. ब्रेक नसेल तर मशीन फुकट मिळाले तरी नको. साखळी आणि इतर सुटे भाग जवळच्या गावी मिळतात का, तेही विचारा.

पाचवी गोष्ट वाचनाची. पेट्रोलच्या मशीनमध्ये नुसते पेट्रोल घालत नाहीत. त्यात टू-टी ऑइल मिसळतात. कुठे एका लिटरला २० मिली, कुठे ४० मिली. नेमके किती, ते त्या मशीनच्या पुस्तकात छापलेले असते. तेल घालायचे राहिले तर इंजिन जाम होते आणि हजारो रुपये पाण्यात जातात. साखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते. दोन्ही झाकणांवर खुणा असतात. त्या ओळखायला शिका. साखळीला कोणत्या जाडीची कानस लावायची, तेही पुस्तकातच असते. भुसा पिठासारखा पडू लागला, की साखळी बोथट झाली असे समजा. मग जोर लावू नका. आधी कानस लावा.

आता वापराचे थोडेसे. दोन्ही हातांनी धरा. खांद्याच्या वर मशीन नेऊ नका. शिडीवर किंवा झाडावर चढून चालवू नका. धोतराचा सोगा, उपरणे, पदर घट्ट खोचा. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे आणि पायांत बूट हवेत. लोंबती फांदी आधी खालून थोडी कापा, मग वरून कापा. म्हणजे साल सोलवटत नाही आणि पट्टी अडकत नाही. विजेच्या तारेजवळची फांदी असेल, तर हात लावू नका. वायरमनला बोलवा.

आणि एक विसरू नका. यंत्र हातात आले की झाड पाडणे फार सोपे होते. वाढवायला वीस वर्षे, पाडायला पाच मिनिटे. १९६४ सालचा कायदा आहे. आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग, हिरडा अशी काही झाडे स्वतःच्या रानातली असली, तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. आधी वनखात्याच्या कचेरीत विचारा.

आता पाट्या-वह्या काढा. या चार ओळी लिहून घ्या :

काम पाहून पट्टी घ्यावी.
हात पाहून वजन घ्यावे.
ब्रेक पाहून पैसे द्यावे.
पुस्तक वाचून दोरी ओढावी.

पुढच्या बुधवारी मी आमच्या मशीनचे ते पुस्तक घेऊन येतो. ते हिंदीत आहे, पण अक्षरे आपलीच आहेत. प्रत्येकाने एकेक ओळ मोठ्याने वाचायची. पुतण्यालाही बोलावले आहे. पहिली ओळ तो वाचील, दुसरी मी वाचीन. मग तुमची पाळी.